आळशी भांडं

"झाकण मात्र उघडायचं नाही," चपला घालता घालता तिनं तिसऱ्यांदा सांगितलं.

उस्तादांनी मान डोलावली, पण नजर भांड्यावरून हलली नाही. सकाळचे साडेसहा वाजले होते. विजेवरच्या स्लो कुकरमध्ये कोंबडीचे तुकडे, बटाटे, गाजरं, कांदा आणि दोन वाट्या पाणी घालून तिनं बटण मंदवर फिरवलं होतं. आता संध्याकाळपर्यंत ते आपलं आपण शिजणार होतं. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर गरम चादरींच्या घड्या घालून खांदे इतके भरून यायचे, की घरी परतल्यावर ओट्याशी उभं राहायचं त्राण उरत नसे.

पूर्वी स्वयंपाक करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. उस्ताद एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं मुख्य आचारी होते. रोज चारशे माणसं त्यांच्या हातचं जेवून जायची. घरचा स्वयंपाकही त्यांचाच. बायकोला फोडणी देता येत नाही, याची नातेवाईक चेष्टा करायचे, तेव्हा ते म्हणायचे, "ती शिकली तर मी काय करू?"

मग ते विसरायला लागले. आधी नावं, मग वार. दोनदा त्यांनी शेगडी सुरू केली आणि पेटवायची राहून गेली. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं, की हे दुखणं मागे फिरत नाही, फक्त पुढे जातं. विस्तवापासून त्यांना लांब ठेवा. तिनं गॅस काढून टाकला. दूर राहणाऱ्या लेकीनं स्लो कुकर पाठवला. सकाळी सगळं घालायचं, संध्याकाळी जेवायचं. करपायची भीती नाही, पेटायची भीती नाही.

उस्तादांनी त्याला नाव ठेवलं आळशी भांडं. पण पहिला महिना खरंच सुखाचा गेला. दार उघडलं की जेवणाचा वास यायचा आणि तिला वाटायचं, निभेल एवढ्यावर. नोकरीची चार वर्षं राहिली होती.

मग एके दिवशी घास तोंडात घेतला आणि घशाखाली उतरेना. नुसतं मीठ. उस्ताद दिवसभर झाकण उघडून मीठ घालत होते. घातलेलं विसरायचे, पुन्हा घालायचे. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मिठाची बरणी कपड्यांच्या कपाटात लपवली. तरी रस्सा खारटच. आठवड्यानं शेजारच्या शिक्षिकेनं जिन्यात तिला गाठलं आणि संकोचत विचारलं, की तुमच्याकडे रोज वाटीभर मीठ कशाला लागतं? तिनं शिक्षिकेला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तिथलंही मीठ बंद झालं. आपण मोठी युक्ती केली असं तिला वाटलं.

आणि ती गुरुवारची संध्याकाळ आली. ती घरात शिरली तेव्हा उस्ताद भांड्यासमोर उभे होते, अंगात कँटीनचा जुना एप्रन. हातातल्या डावानं ते रश्श्यावरचा पांढरा फेस अलगद काढून वाटीत टाकत होते. काढला की पुन्हा येत होता. मोरीतला कपडे धुण्याच्या पावडरचा डबा ओट्यावर उघडा होता.

तिनं त्यांचा हात धरला आणि विचारलं, "तुम्ही चाखलंत का?"

"तू आल्याशिवाय कसं जेवायचं?" ते म्हणाले. "आज फेस फार आलाय. थांब जरा, निघेल."

तिनं आणखी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. साबणाचा नव्हता. उस्ताद लाजून हसले. त्यांना वाटलं, ती लाडात आली आहे. ते हात धुवायला गेले, तेवढ्यात तिनं सगळं संडासात ओतलं. मीठ मी लपवलं म्हणून त्यांनी हे घातलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. ताटं मांडून ते वाट बघत बसले, तेव्हा तिनं पाव आणला आणि सांगितलं, की आजचं मी सांडलं.

"होतं असं," ते समजुतीनं म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस."

फोनवर लेक रडली. मग म्हणाली, की अशा माणसांना ठेवून घेतात तिथं नाव तरी घाल. नाव तिनं आधीच घातलं होतं. जागा व्हायला वर्ष लागणार होतं. दिवसा सोबतीला बाई मिळेना. नोकरी सोडली तर औषधं थांबणार होती. तिनं दोन रात्री विचार केला, आणि विचार करण्यासारखं काही नव्हतंच. रविवारी लोहाराकडून कडी आणून तिनं स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप बसवलं. ती स्क्रू पिळत होती, तेव्हा ते पाना हातात धरून मदतीला उभे होते.

सोमवारी सकाळी त्यांचा डबा आणि पाणी तिनं बाहेरच्या टेबलावर ठेवलं. आत भांडं चालू केलं आणि कुलूप लावलं. दिवसभर तिच्या हातून चादरींच्या घड्या वाकड्या पडत होत्या.

संध्याकाळी ती आली, तेव्हा घरभर वास दरवळत होता. बंद दारासमोर खुर्ची ओढून उस्ताद ताठ बसले होते. केस पाणी लावून विंचरलेले, सदऱ्याची वरपर्यंत लावलेली बटणं. डबा तसाच होता.

तिला पाहून ते चटकन उठले. खुर्ची पुसून त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"बसा ना," ते अदबीनं म्हणाले. "आत स्वयंपाक चाललाय. थोडा वेळ लागेल, पण आचारी चांगला असावा. वासावरून कळतं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. किल्ली तिच्या मुठीत होती. ती बसली. उस्ताद तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले, आणि दोघं दाराकडे बघत राहिली.