कपाटातली संशयी कुपी

माझ्या अंगावरचं नाव आधी वाचा, मगच मला उचला. मी हेपारिनची कुपी बोलतेय. रक्ताच्या गाठी होऊ न देणारं औषध माझ्या पोटात आहे. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात, पण माझ्या कुळाची चौकशी सहसा कुणी करत नाही. मीही कुणावर चटकन विश्वास टाकत नाही. टोपणातून सुई खुपसणाऱ्यांवर टाकायचा तरी कसा?

वॉर्डात मला वापरण्याआधी दोन सिस्टर माझं नाव मोठ्याने वाचतात, एकमेकींवर नजर ठेवून. ही रीत मला पटते.

मी एका शिंप्याच्या वाट्याला आले. विषाणूच्या तापाने त्याची छाती भरली होती. उशाशी बसलेली त्याची बायको प्रत्येक सुईकडे डोळे बारीक करून बघायची. शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना गाठलंच. "दुखणं छातीत, आणि सुई रक्ताची? आमच्यावर काही करून बघताय का?"

बाईंनी समजावलं, की अशा तापात रक्ताच्या गाठी होतात, त्या टाळायला हे देतोय. शिवाय हे औषध सूज कमी करतं, विषाणूला पेशींवर चिकटू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांतही तसंच होतं का, ते अजून पक्कं नाही. कदाचित होत असेल.

ते 'कदाचित' मला प्रामाणिक वाटलं. बायकोला नेमकं तेच खटकलं.

मग एका सकाळी शिंप्याने चूळ टाकली, ती लाल. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. सिस्टरने मला बाजूला ठेवलं. मला बंद करावं तर गाठीची भीती, चालू ठेवावं तर रक्तस्रावाची. पण माझं माप चुकलं नव्हतं. मग यात दुसरं कोण शिरलंय?

बाईंनाही तीच शंका आली. "घरून काही देताय?"

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. शिंपीच भोळेपणाने बोलून गेला, "हिची गुडघ्याची गोळी. भातात कुस्करून देते. अंग दुखायचं थांबतं हो."

त्या गोळीनेही रक्त थांबायला वेळ लागतो. बायकोने पिशवीतून पाकीट काढून समोर ठेवलं. "तुमचा भरवसा वाटेना."

"नका ठेवू भरवसा," बाई म्हणाल्या. "पण संशय आला तर मला विचारा. त्यांच्या भातात घालू नका."

गोळी बंद झाली, रक्त थांबलं, आणि तपासण्या करून मला पुन्हा सुरू केलं. आता दोन सिस्टरांच्या जोडीला तिसरा आवाजही यायचा. बायको अक्षर अक्षर लावत माझं नाव वाचायची.

शिंपी स्वतःच्या पायांनी घरी गेला. निघताना बायकोने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हिच्यामुळे बरे झाले का हो?"

"कदाचित," बाई म्हणाल्या. या वेळी तिने मान डोलावली.

मी रिकामी होऊन टाकाऊ काचेच्या डब्यात पडलेय. उद्या माझी बहीण तुमच्या उशाशी येईल. तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. तिचं नाव मोठ्याने वाचा. आणि घरून काय देताय, तेही तितक्याच मोठ्याने सांगा.