फळीच्या मागे

ग्रंथपालांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं. माणूस भिडस्त. कुणी सुटे पैसे कमी दिले तरी आपलंच मोजायला चुकलं असेल म्हणून गप्प घरी येणारा. पण गेले पंधरा दिवस ते सख्ख्या मेहुण्यावर संशय घेत होते, आणि त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती.

बायकोला माहेरच्या घराचा वाटा मिळाला, तेव्हा धाकट्या भावाच्या सल्ल्याने तिने तो सगळा एका कंपनीच्या शेअरमध्ये घातला. कपडे आणि घरसामानाच्या दुकानांची मोठी साखळी. भाऊ त्यातल्याच एका दुकानाचा मॅनेजर. दोनशे दहाला घेतलेला शेअर आता चौसष्टवर आला होता. तिचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती. आज विकले तर दोन गुडघ्यांचं जेमतेम भागत होतं.

"भाऊजी, तारीख पुढे ढकला, दोन महिने थांबा," मेहुणा रोज फोनवर सांगे. "आता विकाल तर कपाळावर हात मारून घ्याल."

एरवी वर्षातून दोनदा फोन करणारा रोज कशाला करेल? पाणी कुठेतरी मुरत होतं. स्वतःचे गुपचूप विकत असेल, आणि तोवर भाव टिकावा म्हणून आम्हाला बसवून ठेवतोय.

मंगळवारी ते मेहुण्याच्या दुकानात गेले. दिवे लख्ख, फळ्या काठोकाठ भरलेल्या. ग्रंथपाल टॉवेलांपुढे थबकले. सगळे टॉवेल फळीच्या अगदी कडेला, एका ओळीत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! ग्रंथालयाचं अनुदान थांबलं त्या वर्षी, तपासणीच्या आदल्या दिवशी, त्यांनी स्वतः उरलीसुरली पुस्तकं अशीच पुढे ओढून कपाटं भरलेली दाखवली होती.

इकडेतिकडे बघून त्यांनी टॉवेलांमागे हात घातला. कोपरापर्यंत गेला, तरी हाताला काही लागेना. शेजारी बुटांचे खोके होते. एक उचलला, तर नुसता पुठ्ठा.

"काका, काही हवंय का?" विक्रेती मागे उभी होती.

"टॉवेल," ते दचकून म्हणाले, आणि भिडेपोटी एक घेऊनही टाकला.

मेहुण्याने केबिनमध्ये चहा मागवला.

"मागे माल नाही रे," ग्रंथपाल म्हणाले.

"वाटेत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही भाऊजी तपासनीस शोभता अगदी! पुढे मांडा असा वरून आदेश आहे. गिऱ्हाइकाला भरलेलं दिसलं की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक आलं की माल येतो."

ग्रंथपालांनी कपातली साय चमच्याने तीनदा बाजूला केली. मग कसंबसं विचारलं, "तुझे शेअर... विकलेस का?"

मेहुणा दुखावला. त्याने खणातून कागद काढून पुढे टाकला. मागच्याच आठवड्यात त्याने भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून आणखी शेअर घेतले होते.

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जिना उतरताना संशय पुन्हा वर आला, आणि या वेळी जास्त घट्ट बसला. हा लबाड असता तर याला खरं तरी माहीत असतं. याने आपल्याच हाताने फळ्या मांडल्या आणि त्या भरलेल्या आहेत असं मानून बसला. आडात नाही हे याच्या गावीही नव्हतं.

घरी बायको भिंतीला धरून दाराशी आली. "काय म्हणतो?"

"थांबा म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, मी चुकतोही. पण मी मागे हात घालून आलोय."

तिने सगळं ऐकून घेतलं. "विका. त्याला मी सांगते, तुम्हाला जमायचं नाही."

फोनवर बराच वेळ तीच ऐकत होती. मध्येच मेहुण्याचा आवाज बाहेर आला, "ताई, घरच्यांनीच विकले तर बाहेरचे कशाला ठेवतील?"

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "पण मला चालायचंय रे. आणि तूही वीक. माझं ऐक एकदा."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर बासष्टला गेले. ऑपरेशनचं भागलं. सगळेच्या सगळे कुणीतरी एका झटक्यात घेतले होते. कोण असेल, आणि त्याला असं काय माहीत असेल जे आपल्याला नाही, या विचाराने ग्रंथपाल दुपारभर चष्मा पुसत बसले.