तिसऱ्या ओळीतला करपा

ताईने अँथुरियमचं झाड बुडाशी धरलं आणि मुळांसकट कुंडीतून ओढून काढलं. पानाच्या कडेला तेल सांडावं तसा काळपट डाग होता, त्याभोवती पिवळी किनार. फूल मात्र अजून लालबुंद, चकचकीत. तिने ते फुलासकट गोणीत कोंबलं.

"किती झाली?" शेडच्या दारातून भावाने विचारलं. बुटांवरूनही करपा पसरतो, म्हणून त्याला आत यायला मनाई होती.

"एकोणतीस."

"आणि ती बाई?"

"मावशी मागे गोण्या बांधताहेत. हळू बोल."

"हळू कशाला? एकोणीस वर्षं फुलं कापतेय आणि चाकू बुडवायचं लक्षात राहत नाही? उद्यापासून येऊ नको म्हणून तू सांगतेस की मी सांगू?"

"सकाळीच सांगितलंय. गोण्या झाल्या की जातील त्या."

अँथुरियम बारा महिने हिरवं आणि बारा महिने फुललेलं. त्याला सांभाळायचं म्हणजे आधी चाकू सांभाळायचा. एका झाडाचं फूल कापलं की चाकू औषधाच्या बरणीत ठेवायचा, बरणीतला दुसरा उचलायचा आणि मगच पुढच्या झाडाकडे वळायचं. तेवढं चुकलं की आजारी झाडाचा रस शेजारच्या झाडात गेलाच. करप्यावर उपाय नाही. उपटायचं आणि जाळायचं. ताईच्या वडिलांनी हे ताईला आणि मावशींना एकाच दिवशी शिकवलं होतं, आणि अजूनही फुलं कापायच्या त्या दोघीच. सकाळी डाग दिसल्याबरोबर ताईने मावशींना नको नको ते सुनावलं. मावशींनी हू की चू न करता ऐकून घेतलं आणि गोण्या आणायला गेल्या.

तिसावं झाड घट्ट बसलं होतं. ताई वाकली, बुडाची वाळकी पानं बाजूला केली. कापलेल्या देठांचे खुंट एकावर एक दिसत होते. या ओळी मावशींच्या. मावशी डावखुऱ्या, त्यांचा काप कायम डावीकडे उतरता. सगळे खुंट तसेच होते. एकच उलटा होता, उजवीकडे उतरलेला.

ताई क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिने गोणी उपडी केली आणि झाडं एकेक करून उलटून पाहिली. प्रत्येकाला एक उलटा खुंट होता. डाग नसलेल्या चौथ्या ओळीत जाऊन पाहिलं. तिथे एकही नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. मावशी सुट्टीवर, फुलं न्यायला दारात गाडी उभी, भाऊ सारखा हॉर्न वाजवत होता. औषधाची बरणी टेबलावरच राहिली होती. आता कोण परत जातंय, म्हणत ताई एका चाकूने सगळी ओळ कापत गेली होती.

ती दारापाशी आली.

"चाकू माझा होता."

"काय?"

"त्या रविवारी, गाडी थांबली होती तेव्हा. मावशींचा काही संबंध नाही."

भाऊ हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत राहिला.

मागे मावशी शेवटच्या गोणीला दोरी गुंडाळत होत्या. ॲप्रन घडी करून खुंटीवर टाकलेला, पिशवी खांद्याला.

"मावशी, चूक माझी होती. आत्ता खुंट बघितले मी."

"मी सकाळीच बघितले."

"मग बोलला का नाहीत?"

मावशींनी गाठ आवळली. "तुम्ही विचारलंत कुठे, ताई? तुम्ही सांगितलंत."

ताईने पुढे होऊन गोणीचं दुसरं टोक धरलं. मावशींनी ते सोडवून घेतलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. दोघींनी मिळून गोणी भिंतीशी नेऊन ठेवली.

"त्या रविवारी," हात झटकत मावशी म्हणाल्या, "पलीकडच्या शेडमध्ये गेला होतात?"

पलीकडे वडिलांनी लावलेली जुनी झाडं होती. इथलं प्रत्येक रोप त्यांच्यापासूनच झालेलं.

ताईचा चेहरा उतरला. "शेवटची आठ-दहा फुलं कमी पडत होती."

"तोच चाकू?"

ताईने मान खाली घातली.

मावशींनी खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली आणि ॲप्रन झटकून अंगात चढवला.

"चला मग," त्या म्हणाल्या, "उजेड आहे तोवर बघून घेऊ."