सशाचा तवा

मी एक जुना, खोलगट, बिडाचा तवा आहे आणि एका बाईवर माझा दात आहे. तव्याला दात कुठून येणार, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, येतात. फक्त तसे दिवस यावे लागतात.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि त्यातून मी निघालो, म्हणजे तापट स्वभाव उपजतच. पण माझे बूड बोटभर जाड निघाले. त्यामुळे मी कासवगतीने तापतो आणि त्याहून सावकाश निवतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दोन भावांच्या एकत्र घरात मला धाकट्या सुनेने आणले. दुकानात तिने मला बोटाने वाजवून पाहिले. घरी आल्यावर तेल चोळून तापवले, पुन्हा तेल चोळले, पुन्हा तापवले, आणि मला तुकतुकीत काळे केले. काळ्या रंगाचे कौतुक व्हावे असे भाग्य त्या घरात माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले.

लग्नाआधी धाकटी एका वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळायची. तिथल्या खानसाम्याकडून ती मेक्सिकन रेअरबिट नावाचा चीजचा पदार्थ शिकली होती. माझ्यात लोणी वितळायचे, त्यावर बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची, मग टोमॅटो, मक्याचे दाणे आणि लाल तिखट. आच अगदी मंद. मग किसलेले चीज मूठमूठ आणि शेवटी फेटलेले अंडे. पण शेवटची मूठ पडायच्या आधीच ती गॅस बंद करून मला लाकडी पाटावर उतरवायची. "आता पुढचं तू बघ," असे मला म्हणायची. आणि मी बघायचो. माझ्या पोटातल्या उरल्यासुरल्या उबेवर ते चीज सायीसारखे मऊ व्हायचे, आणि ती ते कुरकुरीत भाजलेल्या पावावर ओतायची.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी ताटाला हात लावला नाही. त्यांच्या कानाला ते नाव 'रॅबिट' असे ऐकू आले होते.

"मी ससा खात नाही," ते म्हणाले.

"बाबा, यात ससा नाहीये."

"मग खोटं बोलून का वाढता?"

शेवटी त्यांनी एक घास घेतला, मग दुसरी ताटली मागितली. तेव्हापासून त्या पदार्थाचे नाव घरात 'ससा' पडले. पाहुणे आले की फर्माईश व्हायची, "आज ससा होऊ दे." सगळे ताटली बोटाने पुसून खायचे. थोरली सूनही खायची, पण खाताना तिचा चेहरा दातात खडा आल्यासारखा व्हायचा. "हिच्या हातात काय आहे? सगळी करामत तव्याची," ती म्हणायची. मित्रांनो, माझी स्तुती करणारी ती एकटीच होती, आणि तिनेच माझा घात केला.

पुढे भावांनी वेगळे राहायचे ठरवले. भांडी वाटली गेली. थोरलीने आधी मला उचलले.

"वहिनी, तो मी आणलेला," धाकटी म्हणाली.

"अगं, घरातल्या वस्तूला माझं-तुझं करतात का?" थोरली म्हणाली आणि मला आपल्या खोक्यात ठेवले. सासरे मात्र तिने वाटून घेतले नाहीत. ते धाकटीकडे आले.

नव्या घरात थोरलीने मला साबण लावून तारेच्या घासणीने घासले. वर्षानुवर्षांचे मुरलेले तेल मोरीत वाहून गेले. मग मला ओलेच पालथे घातले. सकाळपर्यंत मी गंजलो. "ई," ती म्हणाली, जणू तो आजार मी बाहेरून घेऊन आलो होतो. पुढे मी फ्रीजशेजारी खिळ्याला लटकलो आणि माझ्या दांड्याला प्लॅस्टिकचे सूर्यफूल बांधले गेले.

धाकटीने मला दोनदा परत मागितले. दुसऱ्या वेळी थोरली म्हणाली, "छे, मी त्याचं घड्याळ करून घेणार आहे. मधोमध भोक पाडायचं, काटे बसवायचे. दिवाणखान्यात काय उठून दिसेल. इमारतीतल्या बायकांना रविवारी जेवायला बोलावलंय. तेवढा ससा करते त्याच्यात, आणि सोमवारी कारागीर येऊन घेऊन जाईल. तू ये ना मदतीला. पाव भाजायला कोणीतरी लागेलच."

भोक पडलेला तवा, मित्रांनो, तवा राहत नाही. धाकटीला ते कळत होते. रविवारी ती आली.

बाहेर बायका बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईही होत्या. थोरली त्यांना सांगत होती, "रेसिपी माझीच हो. ही माझी धाकटी जाऊ. शिकतेय."

मग तिने मला गॅसवर चढवले. मी आपल्या गतीने तापू लागलो.

"हा तवा आहे की सरकारी कचेरी?" असे म्हणून तिने आच मोठी केली.

"वहिनी, गॅस जरा लवकर..."

"तू पाव भाज गं. तव्याचं मी बघते."

धाकटी पावाकडे वळली. थोरलीने चीज, अंडे, सगळे एकदम ओतले आणि ढवळले. खोटे कशाला बोलू, एका क्षणी ते फार सुरेख दिसत होते. त्याच क्षणी तिने गॅस बंद केला आणि मला तिथेच सोडून बाहेर घोषणा करायला गेली.

मी काही केले नाही. मी फक्त निवलो नाही.

कडेला बुडबुडे आले. अंड्याच्या गुठळ्या झाल्या. तेल सुटून वर आले. धाकटी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लाकडी पाट तिच्या कोपराशी होता. मला उचलून त्यावर ठेवायला किती वेळ लागला असता? तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. मग तिने पावाची दुसरी बाजू भाजायला घेतली.

थोरली परत आली आणि तिने उलथने घातले, तेव्हा सगळा ससा सतरंजीसारखा एकसंध उचलला गेला. पण घोषणा झाली होती. वाढणे भाग होते.

बायका चावू लागल्या आणि चावतच राहिल्या. कोणाचेच तोंड रिकामे होईना.

"खाताय ना?" थोरलीने डॉक्टरीणबाईंना विचारले.

"खातेय. अजून पहिलाच घास चाललाय." थोड्या वेळाने त्या सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "उद्या दवाखाना लवकर उघडते. आपण भेटूच."

थोरल्या भावाने गृहस्थधर्माला जागून कौतुक केले. "पाव मात्र छान भाजलाय," तो म्हणाला.

पाहुण्या जाताच थोरली कडाडली, "तवाच फुटक्या नशिबाचा आहे. घेऊन जा ते भंगार तुझ्या घरी."

"आणि घड्याळ?" धाकटीने हळूच विचारले.

"कसलं घड्याळ? रोज उठून त्याचं तोंड बघू?"

तिला माझ्याकडून वेळ पाहायची होती. मी तिला ती दाखवली.

धाकटीने सूर्यफूल सोडून ओट्यावर ठेवले आणि मला टॉवेलात गुंडाळले. घरी पोचेपर्यंत तिच्या मांडीवर मी अजून कोमट होतो. सासऱ्यांनी दारातच सगळी हकिगत ऐकली.

"गॅस कधी बंद करायचा, ते सांगितलं नाहीस होय तिला?"

"सांगत होते, बाबा. त्यांनी पाव भाजायला सांगितला."

सासरे खूप वेळ आवाज न करता हसले.

मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या. बिडाच्या तव्याला तारेने ओरबाडू नका, ओला ठेवू नका, धुतल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवा. आणि गॅस बंद केला म्हणजे तवा शांत झाला असे कधीही समजू नका.

परवा थोरलीचा फोन आला होता. झाले गेले विसरून ती या रविवारी जेवायला येणार आहे. धाकटीने मला खाली काढून तेल चोळले आहे. तुम्हाला वाटेल, मी पुन्हा तसेच काही करीन. छे. यावेळी ससा अगदी सायीसारखा होणार आहे. तो थोरलीला खावा लागेल, सगळ्यांदेखत, आणि दुसरी ताटली मागावी लागेल. तेव्हाचे तिचे तोंड मला बघायचे आहे.