शहराची चार अक्षरं

बिल्ल्याची टाचणी जराशी वाकडी होती, पण अक्षरं मात्र सरळ, ठळक, हिरवीगार. चारच. कुस्मियातीनं बिल्ला पालथा घातला, पुन्हा सुलटा केला, तरी अक्षरं काही बदलली नाहीत. असे पाचशे बिल्ले टेबलावरच्या खोक्यात होते, खाली पालिका कचेरीच्या दारावर कापडानं झाकलेल्या थोरल्या पाटीवरही हीच चार अक्षरं होती, आणि दहा वाजता महापौर ते कापड ओढणार होते — सुराबायाहून येणाऱ्या कंपनीच्या लोकांसमोर... आणि आता साडेआठ झाले होते.

लेस्तारी, आमान, लान्चार, इंदाह. टिकाऊ, सुरक्षित, सुरळीत, सुंदर. कालिवेनिंगचं नवं बोधवाक्य — राहायला या, धंदा काढायला या! एकेक शब्द घ्या, सोन्यासारखा. पण इकडे आद्याक्षरं जोडून एक शब्द झाल्याशिवाय शहराचं बोधवाक्य पुरं होत नाही, आणि ही रोमन अक्षरं, एल, ए, एल, आय, जोडली की होतं 'लाली'. जावाच्या घरोघरच्या बोलीत लाली म्हणजे विसरलो. मीठ आणायला लाली. किल्ली कुठं ठेवली, लाली. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द. ठाऊक नव्हता तो फक्त पाक हासुदुंगानना, चार महिन्यांपूर्वी सुमात्राहून बदलून आलेल्या, तिकडच्या बाताक जमातीच्या साहेबांना, ज्यांना हे बोधवाक्य एका रविवारी आंघोळ करताना सुचलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "कसं वाटतं? मनमोकळं सांगा!" टेबलाभोवतीच्या सातही जणांनी मान लववून म्हटलं, "इंग्गिह, पाक." पाक म्हणजे साहेब, आणि इंग्गिह म्हणजे हो... म्हणजे तसं हो नव्हे, ऐकलं, एवढंच. पण बाताक माणसाला हो म्हणजे हो. साहेबाला तोंडावर चूक दाखवायची? छे! त्यापेक्षा तोंडात गुळणी धरलेली बरी. महापौर तरी बघतीलच, असं प्रत्येकानं मनाशी म्हटलं, आणि कागद त्यांच्याकडून न वाचताच शिक्का मारून परत आला.

आज पहाटेच पालुपीचा निरोप आला होता फोनवर, पोरीचा आवाज नेहमीसारखा घाईत — "आई, पत्रक वाचलं मी. तूच लिहिलंस ना? थंड पाणी, स्वस्त भाडं, परवाना एका दिवसात... खरंय का गं हे? की नुसतं ऑफिसचं? ती कंपनी आली ना, तर मी अर्ज करीन म्हणते." पाच वर्षं झाली तिला दूर बाताम बेटावरच्या कारखान्यात. पत्रकातला शब्द न् शब्द खरा होता. डोंगरातून येणारं पाणी खरं, घरापासून चालत शाळा खरी. नाक्यावरच्या बाईचं सोतो सूप दुपारी दोनला संपतं, कारण तिला तेवढंच करायचं असतं, हेही खरं, पण ते लिहिलं नव्हतं. शेवटची ओळ मोठ्या हौसेनं लिहिली होती — इथली माणसं हळू बोलतात. हळू बोलतात! बोलतच नाहीत मेली. आता सुराबायाचे लोक पाटी बघून हसतील, गाडीत बसतील, आणि पोरगी राहील बाताममध्येच.

आणि बोलत नाहीत त्यांत पहिली कोण? पाच वर्षांपूर्वी खडखडणाऱ्या त्या बसच्या पायरीवर पाय ठेवून पालुपी वळली होती... तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. राहा. दोन अक्षरं, पालुपी, मला येत होती ती. ओठांवर होती. आणि मी काय म्हणाले? छत्री घेतलीस का, म्हणाले.

कुस्मियाती उठली. पाय साहेबांच्या खोलीकडे चालू लागले, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

"पाक, चहा झाला का?"

"झाला. बोला, बू कुस." कचेरीत कुस्मियातीबाईला सगळे बू कुसच म्हणत.

"हवा छान आहे आज."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही हवेचं काढलंत की काहीतरी वाईट निघतं. मागं हवा छान होती तेव्हा शिपायाचे वडील वारले होते."

"वारलं कुणी नाही, पाक." तिनं बिल्ला टेबलावर ठेवला, त्याच्याकडेच बघत एका दमात म्हणाली, "लाली म्हणजे विसरलो."

"कोण विसरलं?"

"कुणी नाही. शब्दाचा अर्थ तो. आपल्या दारावर लिहिलंय... कालिवेनिंग, विसरलो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. आता संपलं, आता बदली — तिनं मान खाली घातली आणि वाट बघत राहिली.

"म्हणून ती केळेवाली!" साहेब ओरडले. "मी बिल्ला लावून बाजारात गेलो की तोंडावर हात धरून हसते. मला वाटलं, आवडतो मी तिला!" आणि ते हसत सुटले, टेबल हलायला लागलं, मग एकदम थांबले. "तीन आठवडे, बू. सात माणसं. एवढा वाईट आहे मी?"

"नाही हो, पाक! तुमचा मान..."

"कसला मान! आमच्याकडे आई भर रस्त्यात ओरडते, गाढवा, चड्डी उलटी घातलीयस! त्याला माया म्हणतात." मग दार उघडून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असे गरजले, "कापडाला कुणी हात लावायचा नाही! महापौरांना मी सांगतो!"

"आणि पाहुण्यांना काय सांगायचं?"

"खरं ते. तुम्हीच सांगा. पाणी, भाडं, परवाना, आणि ही आमची फजितीही. हसले तर हसले."

बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. जीव भांड्यात पडला होता, आणि सपाटून भूक लागली होती. तीन आठवड्यांत प्रथमच. कंपनी येते की नाही, देव जाणे. फाटकाशी पाहुण्यांच्या गाड्या वेळेआधीच थांबल्याचा आवाज आला. तिनं फोन काढून तोंडाशी धरला.

"पालुपी, पत्रकातलं सगळं खरंय. कंपनीचं मात्र सांगता येत नाही. ती नाही आली, तरी..." तिकडे पाऊस आहे का, हे अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. "तरी तू ये. मला तू इथं हवीयस. तेव्हाही हवी होतीस."

निरोप गेला. खालून कुणाचं तरी खो खो हसणं वर आलं. पाहुण्यांचं की आपल्याच लोकांचं, कळेना. आणि ती भरभर जिना उतरू लागली, पहिलं वाक्य जुळवत, ओठ हलवत, चांगलं मोठ्यानं.