खुशबूची बैठक

“मांडी घालून बसता येतं का गं?” डॉक्टरांनी विचारलं.

खुशबूनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. तपासणीच्या टेबलावर तिनं उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला, मग डावा उजव्यावर. दोन्ही गुडघे अलगद टेकले. पाठ ताठ, तळवे मांडीत. तेरा वर्षांची माझी लेक अकोल्याच्या त्या दवाखान्यात पद्मासनात बसली, आणि मला नको त्या जागी अभिमान वाटला.

“पाच वर्षांची होती तवापासून बसते, साहेब,” मी म्हणाले. “रोज सकाळी माझ्यासंगं सामायिकाले, ध्यान लावून. अठ्ठेचाळीस मिनिटं हालत नाई.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला.

“हा खुब्याचा गोळा, ही त्याची वाटी. वाटी खोल हवी. हिची बशीसारखी उथळ आहे. गोळा बाहेर सरकतोय, म्हणून दुखतं. आणि म्हणूनच पाय असे वळतात.”

“मी बसवलं म्हणून झालं का?”

“नाही ताई. बसल्यामुळं झालं नाही. हे होतं, म्हणून तिला बसता येत होतं.”

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. पर्युषण पर्वात आमच्या शिरपूरच्या बायका माझं नाव घेऊन आपल्या पोरींना म्हणायच्या, “त्रिशलाच्या खुशबूसारखं बसून दाखवा.” सासूबाई म्हणायच्या, मागच्या भवाचं पुण्य आहे. मीही तसंच धरून चालले होते. आठ वर्षं.

नसांचा आजार आमच्या घराला नवा नाही. माझे सासरे लखमीचंद चिखल तुडवल्यासारखे गुडघे उचलून चालायचे, कारण पावलं पुढून लोंबायची. माझे यजमान अर्पित तसेच चालतात. खुशबू नऊ वर्षांची झाली आणि तिच्या पायातली चप्पल वाटेत निघून पडायला लागली, तेव्हाच आम्ही समजलो. तेव्हापासून तिच्या पावलांवर डोळा ठेवून होतो. वर खुब्याकडं बघायचं असतं, हे कोणाला ठाऊक?

डॉक्टर सावकाश सांगत राहिले. कंबरेचं हाड कापून वाटी गोळ्यावर फिरवायची. करायचं तर याच वयात, नाहीतर तिशीच्या आत सांधा झिजून जाईल. पण नसा आधीच दुबळ्या. ऑपरेशनमध्ये एखाद्या नसेला धक्का बसला तर पायात आहे ती ताकदही जायची.

“नंतर दोन महिने त्या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्यांवर चालावं लागेल. हिची बोटंही कमजोर आहेत. घरी चालवून बघा, हात पेलतात का. पुढच्या आठवड्यातली तारीख धरून ठेवतो. शनिवारी फोन करा.”

परतीच्या एस.टी.त खुशबू अर्पितच्या नि माझ्या मध्ये बसली, दवाखान्यातून घेतलेल्या कुबड्या तिच्या मांडीवर. पातूरच्या पुढं सूर्य खाली आला, तशी मी दशम्या काढल्या. दिवस बुडाल्यावर आम्ही खात नाही. तिनं अर्धीच खाल्ली.

“पप्पा, तुमाले बी इथं दुखते काय?”

“मले? नाई.”

शिरपूरला उतरताना अर्पितचा पाय पायरीवरून पुढं जाईना. दांड्याला धरून ते तसेच अडकून राहिले.

“शेठ, उतरता का मुक्कामाले राह्यता?” कंडक्टर ओरडला. गाडीतले लोक हसले. अर्पितही हसले. खुशबू हसली नाही. ती बापाच्या कमरेकडं बघत होती.

घरी सासूबाई, जतनबाई, दारातच बसल्या होत्या. सगळं ऐकून अर्पितला म्हणाल्या, “हाड गिड कापू देऊ नका पोट्टीचं. तुहा बाप कोणतं ऑपरेशन कराले गेला होता? चाललाच ना आयुष्यभर.”

“चालले नाई, आई. शेवटची अकरा वर्षं खाटेवर होते,” अर्पित म्हणाले.

“खाटेवर होते. पण घरात होते ना?”

खुशबू आत गेल्यावर मी अर्पितला म्हणाले, “तुमी सांगा काय ते.”

“मी काय सांगू? नसा माह्याच हायेत. हो म्हनलं अन् पाय गेला तं? नाई म्हनलं अन् माह्यासारखी झाली तं?” ते भिंतीकडं बघत बोलत होते. “तू एवढे नियम करतं. तूच सांग.”

मी जपमाळ घेतली. नवकार मंत्र ओठांवर आला, पण उत्तर आलं नाही. नवकारात आपण काही मागतही नाही.

रोज सकाळी अंगणात खुशबू कुबड्या घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या पावलाला बोटं सुटायची आणि कुबडी खडकन फरशीवर पडायची. मी मुठीला चिंध्या गुंडाळल्या. अर्पितनं दुकानातून सायकलची रबरी मूठ आणून बसवली. तरी सुटायची.

शनिवारी ती म्हणाली, “मम्मी, हात बांधून दे.”

“पडली तं हात टेकता येनार नाई तुले.”

“पडली तं तू हायेस ना.”

जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडून मी तिचे दोन्ही पंजे कुबड्यांना बांधले. गाठ घट्ट मारली. ती निघाली. एक पाय अधांतरी. मी मागं, हात पसरून, न शिवता. ओट्यापासून भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. परत गेली. अर्पित ओट्यावर उभे होते.

“हो म्हन,” ते मला म्हणाले आणि नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला.

दवाखान्यातल्या सिस्टरनं नाव विचारलं, मग विचारलं, “कुबड्या धरून चालते ना?”

खुशबू माझ्याकडं बघत होती. अर्पितही. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. खोटं न बोलण्याचा माझा नियम आहे, पण त्या क्षणी मला नियम आठवला असं नाही. मला तिचं पडणं दिसलं.

“चालते,” मी म्हणाले. “पण हात बांधून.”

सिस्टरनं फोन धरायला सांगितला. डॉक्टरांना विचारून आली. “बांधून नाही चालायचं, ताई. पडली तर सगळंच बिघडेल. ही तारीख दुसऱ्या पेशंटला देतोय. बोटांचा व्यायाम करून घ्या, चार महिन्यांनी दाखवा.”

“चार महिन्यांत वय निघून नाई ना जानार?”

“ते तेव्हाच्या एक्स-रेवर बघू.”

फोन बंद झाला. सासूबाई आतून म्हणाल्या, “बरं झालं.” अर्पित ओट्यावरच खाली बसले.

“तू काहून सांगतलं?” खुशबूनं विचारलं. आवाज चढवला नाही.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून गाठ सोडायला लागले. ओढणीचं कापड घामानं ओलं होऊन आवळलं होतं, नखांत सापडेना. शेवटी मी दातांनी ओढायला लागले. खुशबूनं दोन्ही हात कुबड्यांसकट माझ्यापुढं धरून ठेवले होते, मला सोडवायला सोपं जावं म्हणून. आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं होतं.