अकरा स्लीपर अलीकडे

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. लिहायला घेतलं नाही असं नाही. चार वेळा घेतलं, आणि चारही वेळा 'आपले पत्र मिळाले' याच्या पुढे लेखणी सरकली नाही. मग पत्र एका जाड पुस्तकात गेलं, पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं, आणि वरच्या फळीवर गेलेल्या वस्तूंचं आमच्या घरात जे होतं तेच त्याचंही झालं. मंगळवारी सकाळी ते पुन्हा आठवलं, तेव्हा मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो आणि सतराव्यांदा पडलेली मालवाघीण, म्हणजे मालगाडीचा खेळण्यातला डबा, शोधत होतो.

"पडली का हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पडली."

"कितवी?"

"सतरावी."

"घरात एक वाघीण होती ती पुरे नव्हती तुम्हाला. ती निदान अजून स्वतःच्या पायांवर उभी आहे."

बोलण्यासारखं मला वेळेवर सुचत नाही. सुचतं ते दोन दिवसांनी, आणि तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

मुलगी सासरी गेल्यावर तिची मागची खोली मी घेतली. तिथे साडेचार मीटर लांबीच्या फळीवर चार वर्षांपासून एक रेल्वे स्टेशन उभं राहतं आहे. पूर्वी आमच्या गावापर्यंत एक फाटा लाइन यायची. ती उखडून पस्तीस वर्षं झाली, यार्डाच्या जागी आता बसगाड्या उभ्या राहतात. ते यार्ड एका ठराविक वर्षी जसं होतं तसंच्या तसं, सत्याऐंशी पटींनी लहान करून उभं करायचं, असं मी ठरवलं. का ठरवलं ते विचारू नये. बायको विचारून थकली.

असल्या खेळण्यांचे तयार रूळ दुकानात मिळतात. पण त्यांचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, भलत्याच मापाचे आणि भलत्याच अंतरावर असतात. म्हणून मी एकेक स्लीपर लाकडाच्या पट्टीतून कापतो, तपकिरी रंगात बुडवून वाळवतो, चिकटवतो, आणि वर रूळ ठेवून दोन्ही बाजूंनी टाचणीच्या टोकाएवढे खिळे चिमट्याने दाबतो. चार स्लीपर झाले की मान आखडते. दिवसाला एक वीत काम होतं. ज्या दिवशी शिंक येते त्या दिवशी तेवढंही होत नाही.

वर्ष निवडलं ते फोटोमुळे. त्या यार्डाचा स्वच्छ असा एकच फोटो शिल्लक आहे, तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचा. चार मालवाघिणी रुळावरून घसरून मालधक्क्याच्या भिंतीत घुसल्या होत्या. माणूस कोणी दगावला नाही. फोटोत पडलेली भिंत आहे, कलंडलेल्या वाघिणी आहेत, आणि डाव्या कडेला नाल्यावरच्या मोरीजवळ एक माणूस उभा आहे. तो मला फार उपयोगी पडला. त्याची उंची साडेपाच फूट धरली आणि तिच्यावरून मी मोरीची, भिंतीची, सगळ्याची मापं काढली.

हाच फोटो मी माझ्या पुस्तकातही छापला होता. पुस्तक म्हणजे त्या फाटा लाइनचा छोटासा इतिहास. तीनशे प्रती काढल्या, त्यांतल्या दोनशेच्या वर अजून पलंगाखाली आहेत. त्यात त्रेचाळीसाव्या पानावर एक वाक्य आहे: 'सांधेवाल्याच्या निष्काळजीपणामुळे चार वाघिणी घसरून मालधक्क्याची भिंत कोसळली.' ते माझं नव्हे, चौकशी अहवालातलं. मी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो. मूळ प्रत डावीकडे, छापलेला कागद उजवीकडे, दोन्ही जुळले की खाली सही. माझं वाक्य अहवालाशी जुळत होतं आणि माझा नकाशा रेल्वेच्या शिक्क्याच्या नकाशाशी जुळत होता. मूळ प्रतच चुकलेली असली तर काय, हा प्रश्न विचारायचा पगार मला कधी मिळाला नाही.

पुस्तक निघाल्यावर वर्षाने पत्र आलं. रेघी कागद, बॉलपेन, प्रत्येक शब्द जपून लिहिलेला.

'साहेब, तुमचं पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं. चांगलं आहे. पान त्रेचाळीसवर माझ्याविषयी आहे. नाव नाही लिहिलं ते बरं केलं, पण त्या यार्डात सांधेवाला एकच होता. सांधा मी बरोबर लावला होता. तुमच्या नकाशात तो जिथे आहे तिथे तो नव्हताच. तिथे मोरी आडवी आली, म्हणून रूळ टाकणाऱ्या गँगने तो अकरा स्लीपर अलीकडे घेतला, वळणावर. नकाशा कोणी बदलला नाही. चौकशीत मी सांगितलं. साहेबांनी नकाशा बघितला. नंतर मला सांध्यावरून काढून दिवे पुसायला ठेवलं. फोटोत मोरीजवळ उभा आहे तो मी. पुढच्या वेळी छापाल तेव्हा तेवढी ओळ दुरुस्त करावी. उत्तराचं पाकीट सोबत ठेवलं आहे.'

खरोखरच ठेवलं होतं. तिकीट लावलेलं, वर स्वतःचा पत्ता, 'मुलीच्या घरी' असं लिहून.

सांधा म्हणजे एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. सांधेवाला दांडा ओढतो आणि रुळाची पाती सरकवतो. मी तेव्हा मनाशी म्हटलं, जो चुकला तो असंच लिहिणार. एका बाजूला शिक्क्याचा नकाशा, दुसऱ्या बाजूला रेघी कागद. आणि पुढची वेळ येणार नव्हती हेही खरंच होतं. पलंगाखालच्या प्रती आधी संपायला हव्या होत्या. आता वाटतं की ही कारणं मी उत्तर न दिल्यानंतर शोधली. खरं कारण एवढंच, की काय लिहावं ते मला कळेना.

गेल्या महिन्यात मी यार्डाच्या त्या टोकाला पोचलो. नकाशाप्रमाणे सांधा घातला तर त्याची पाती थेट मोरीवर येत होती. तीन वेळा मोजलं. मग भिंग घेऊन फोटोतले स्लीपर मोजायला बसलो, मोरीच्या कठड्यापासून सांध्याच्या दांड्यापर्यंत. अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच.

घातलेला सांधा मी उचकटला आणि अकरा स्लीपर अलीकडे, वळणावर नेऊन बसवला. हे फोटोमुळे करतो आहे, पत्रामुळे नाही, असं स्वतःला बजावलं. तेव्हापासून वाघीण पडायला लागली.

येत्या रविवारी वाचनालयात प्रदर्शन होतं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं तेव्हा मला नाही म्हणता आलं नव्हतं. मला कोणालाच म्हणता येत नाही. त्यांचा रोज फोन यायचा.

"गाडी चालणार ना काका? मुलं येणार आहेत. नुसती उभी गाडी बघायला कोण थांबतंय?"

"प्रयत्न चालू आहे."

"गाडी चालू आहे का ते सांगा."

वाघीण पडते म्हणजे माझेच हात वाईट, हे मी गृहीत धरलं होतं. दुसरं काय असणार? पाती कानशीने घासली. वाघीण पडली. रुळांतलं अंतर पितळी मापाने तपासलं, दोन खिळे काढून पुन्हा मारले. वाघीण पडली. वाघिणीत वजन घातलं तर ती पडताना पाण्याची टाकीही घेऊन गेली. बुधवारी दुपारपर्यंत आकडा एकतीसवर गेला, आणि मी अशी शिवी दिली की बायको हात पुसत दारात आली.

"छापखान्यात शिकलात का ही?"

"माझ्या हातांत काही राहिलं नाही आता. थरथरतात. मी हे करायलाच नको होतं."

"सकाळी सुईत दोरा कोणी ओवून दिला मला?"

"ती गोष्ट वेगळी."

"हात तेच आहेत ना? का सुईचे वेगळे ठेवलेत?"

गुरुवारी डॉक्टर आले. हे समोरचे निवृत्त दंतवैद्य. त्यांनी आपली जुनी आकडीसारखी हत्यारं मला दिली आहेत आणि त्या बदल्यात सल्ला देण्याचा कायमचा हक्क घेतला आहे. त्यांनी खाली वाकून, तोंड उघडायला सांगावं अशा नजरेने सांधा पाहिला.

"काढून टाका."

"काय?"

"हा सांधा. किडलेला आहे. दुकानातून तयार आणा आणि बसवा."

"डॉक्टर, तो चुकीच्या मापाचा असतो."

"बघणाऱ्याला काय कळतंय? मी चाळीस वर्षं कवळ्या बसवल्या, एकाच्या बायकोलासुद्धा कळलं नाही."

मी तो सांधा चाकूने अलगद सोडवला आणि शेजारी एका सुट्या फळीवर, नकाशात आहे तसा, सरळ रुळाला जोडून दाखवला. दोष माझ्या कारागिरीत आहे हे त्यांना पटवायचं होतं. अर्धा तास गेला. वाघीण ढकलली. ती गेली. परत आणली, जोरात ढकलली. गेली. डॉक्टरांनी स्वतः वीस वेळा ढकलली. वीसही वेळा गेली.

"अहो, मग हा तर ठणठणीत आहे!"

मी तोच सांधा उचलून पुन्हा वळणावर बसवला. पहिल्याच फेरीला वाघिणीचं पुढचं चाक पातीवर चढलं आणि ती कलंडली.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "नकाशात आहे तिथे घाला. मोरी थोडी पलीकडे सरकवा. तुमच्या पुस्तकातही तसंच आहे म्हणता ना? मग तर कोणी बोटही ठेवणार नाही."

खरंच सोपं होतं. एका दिवसाचं काम. रविवारी गाडी धावली असती, पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पुस्तक आणि फळी एकमेकांशी जुळली असती आणि खाली माझी सही. मी पट्टी घेऊन मोरी किती सरकवावी लागेल ते मोजायलाही लागलो, हे लपवत नाही.

बायको चहा घेऊन आली होती. ती बराच वेळ दारातच उभी राहिली.

"एक विचारू? मला यातलं काही कळत नाही."

"विचार."

"सांधा तोच. हात तेच. सरळ ठेवला की जाते, त्या वळणावर ठेवला की पडते. असंच ना?"

"असंच."

"मग त्या माणसाने काय वेगळं करायला हवं होतं?"

तिला पत्राचं माहीत होतं. गेल्या महिन्यात मी ते फळीवरून काढलं, तेव्हा स्टूल तिनेच धरलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणता माणूस?" मी फोटोकडे पाहत होतो. कडेचा तो माणूस हात मागे बांधून उभा आहे. चार वर्षं मी त्याला पट्टीसारखा वापरला होता. तो पडलेल्या वाघिणींकडे बघत नाही, हे मला तोवर दिसलं नव्हतं. तो सांध्याकडे बघतो आहे.

खेळण्यातल्या वाघिणीवरून खऱ्या वाघिणीबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कोणी तज्ज्ञ मला दोन मिनिटांत गप्प करील. पण पस्तीसदा पडलेल्या वाघिणीचा दोष मी स्वतःच्या हातांना देत होतो, त्याचं कारण एवढंच होतं की हातांना दोष देणं सगळ्यात सोयीचं असतं. कामाला शेवटचे तेच लागलेले असतात.

डॉक्टर गेल्यावर मी ग्रंथपाल बाईंना स्वतःहून फोन केला. असा फोन मी सहसा करत नाही.

"काका, चालते ना?"

"सांध्यापर्यंत चालते. तिथे पडते."

"अहो, तीन दिवसांवर प्रदर्शन आहे! दुरुस्त करा ना."

"नाही. ती तिथे पडते. मी तशीच ठेवणार आहे."

"मुलांना आवडेल म्हणा," बाई वैतागून म्हणाल्या. "पडलेलं सगळंच आवडतं त्यांना. पण खाली काहीतरी लिहून ठेवा, नाहीतर लोक म्हणतील तुम्हाला जमलं नाही."

कार्ड मी शुक्रवारी सकाळी लिहिलं: 'सांधा बरोबर लावलेला आहे. जागा चुकलेली होती.' मग पलंगाखालच्या प्रती बाहेर ओढल्या आणि एकेका प्रतीत त्रेचाळीसाव्या पानावर ते वाक्य काळ्या पेनाने खोडून समासात दुरुस्ती लिहू लागलो. साठ झाल्यावर बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांतलीच एक प्रत घेतली, ते पान फाडलं आणि उत्तर लिहायला बसलो.

'आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, त्याची क्षमा मागण्याची माझी लायकी नाही. अकरा स्लीपर मी मोजले. आपलं बरोबर होतं. माझं वाक्य चूक होतं. दुरुस्त केलेलं पान सोबत आहे. गाडी रविवारी वाचनालयात असेल, आपल्या सांध्यासकट.'

एवढंच. एकोणीस वर्षांत एवढंच लिहायचं होतं.

"असतील का हो ते?" बायकोने विचारलं.

"चौऱ्याऐंशीचे असतील. असले तर."

"नसले तरी मुलगी वाचेल."

पाकीट त्या सांधेवाल्याने पाठवलेलंच घेतलं. तिकीट जुनं, त्यावर भागणार नव्हतं, म्हणून शेजारी नवी लावली. कडेचा गोंद वाळून गेला होता. स्लीपर चिकटवतो त्याच डिंकाने बंद केलं. पत्त्याचं अक्षर त्याचं, जपून लिहिलेलं.

टपालपेटीपाशी गेल्यावर दिसलं की पाकिटाच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा तपकिरी डाग उमटला आहे, स्लीपरच्या रंगाचा. घरी परत जावं, दुसरं पाकीट घ्यावं, असं वाटलं. वळलोही होतो. मग परत फिरून ते तसंच पेटीत टाकलं.